सिस्टरबाईंनी सोडलेली पंगत

सिस्टरबाई कोणाच्याही घरी गेल्या की बाहेर टेकत नसत. चपला काढल्या की सरळ स्वयंपाकघरात जायचं आणि चुलीवर जे भांडं असेल त्याचं झाकण उचलून आत बघायचं. घर पाटलाचं असो, मजुराचं असो, नाहीतर माझं. आत काय शिजतंय ते पाहून एक हुंकार द्यायचा आणि मग बाहेर येऊन विचारायचं, बोल वं, कशी हायेस. मी बदली होऊन वाशीमकडच्या केनवडला आले, खोली घेतली, त्याच संध्याकाळी ही उंच, सावळी, पांढऱ्या साडीतली बाई न विचारता आत शिरली आणि माझ्या पातेल्यात डोकावली. म्हणाली, "नुसता भात? मास्तरीन, पोट्टे शिकवाले ताकद कुठून आनशील?" मला असा राग आला की काय सांगू. तो राग निवायच्या आत ती पिठल्याची वाटी घेऊन परत आली. तेव्हापासून मी मास्तरीण आणि त्या सिस्टर.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्माला आलेली. झाकण उचलायची खोड त्यांना बाळंतिणींमुळे लागली होती. बाळंतीण सासूच्या धाकाने जेवले म्हणते, पण काय जेवली ते तिच्या तोंडून कळत नाही. म्हणून सिस्टरबाई तिला विचारायच्याच नाहीत. भांडं बघायच्या आणि मग सासूकडे वळायच्या. त्यानंतर त्या घरात जो तोंडाचा पट्टा सुटायचा, तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. एका सासूने एकदा चिडून विचारलं होतं की तुमचा आमच्या घराशी संबंध काय. सिस्टरबाईंनी तिच्याच नवऱ्याकडे बोट दाखवलं. तो त्यांच्याच हातावर झाला असता तर शोभलं असतं, पण तो त्यांच्याहून मोठा होता. त्यांनी बोट दाखवलं ते एवढ्यासाठी की त्याच्या हातात दुधाचा पेला होता आणि सुनेच्या हातात काही नव्हतं. तो पेला सुनेकडे गेला, मी समोर उभी होते.

आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर ते एकच. पण नाताळ अख्ख्या गल्लीचा असायचा. सकाळी पहिली गाडी पकडून सिस्टरबाई वाशीमच्या चर्चमध्ये उपासनेला जायच्या, दुपारी परत यायच्या, तोवर आम्ही त्यांच्या अंगणात गवऱ्यांचा आर पेटवून ठेवलेला असायचा. त्यांच्या नाताळाला जेवण रोडग्यांचं. जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, बरोबर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. शहरातले त्यांचे नातेवाईक हसायचे, नाताळाला मटण नाही, बिर्याणी नाही, हे काय! पण गल्लीत माळकरी म्हातारे होते, बौद्धवस्तीतली आमची माणसं होती, दवाखान्यातला शिपाई होता, आणि सिस्टरबाईंना सगळे एका ओळीत बसलेले हवे असायचे. "पंगतीतून एकाले बी उठा लागलं, तं थे जेवन कायचं?" असं त्या म्हणत. वांगी चिरायचं काम माझं. बुद्धपौर्णिमेला माझ्या घरची पहिली वाटी खीर त्यांची आणि नाताळाची वांगी माझी, असं आमचं ठरूनच गेलेलं.

त्या स्वतः मात्र पंगतीला कधीच बसल्या नाहीत. हातात पळी घेऊन ओळीतून फिरत राहायच्या. कोणी कमी वाढून घेतलं की त्याच्या ताटात अर्धा रोडगा पडलाच समजा. सगळी उठली, भांडी घासायला पडली, की त्या चुलीपाशी उभ्या उभ्याच चार घास खायच्या. मी ओरडायचे, बसून खा बाप्पा. तर म्हणायच्या, बसलं की झोप येते.

नवरा लवकर गेला. मुलं दोन, सुनील आणि माया. सिस्टरबाईंची ड्युटी अशी की रात्री-अपरात्री कोणी बैलगाडी घेऊन दारात उभं असायचं, म्हणून दोघांना वाशीमला बोर्डिंगमध्ये ठेवलेलं. नाताळाच्या सुटीत ती घरी यायची. शहाणी, अबोल लेकरं. पुढे शिकली, सुनील पुण्याला कंपनीत लागला, माया लग्न होऊन नाशिकला गेली. सिस्टरबाई निवृत्त झाल्या, तरी केनवड काही सुटलं नाही. दर डिसेंबरला सुनीलचा फोन यायचा, आई, नाताळला इकडे ये. आणि दर डिसेंबरला त्यांचं ठरलेलं उत्तर, मग पंगत कोण करन?

गेल्या डिसेंबरात एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या. सवयीने गॅसवरच्या कुकरपाशी गेल्या आणि तशाच परत फिरल्या. शिट्टीसुद्धा उचलून बघितली नाही. मी म्हटलं, काहीतरी बिनसलंय. मग हळूहळू सगळं निघालं. सुनील या खेपेला नुसतं 'ये' म्हणाला नव्हता. म्हणाला होता, माया पण येते आहे, या नाताळला फक्त आपण घरची माणसं एकत्र जेवू, बाहेरचं कोणी नको. आणि नंतर आई, तू इथेच राहा. आता एकटी नको राहूस.

"जेवाले जातो," सिस्टरबाई म्हणाल्या, "पन राहाले नाई. तो समोर बसून राह्य म्हनन, तं माह्याच्यानं त्याले नाई म्हनवनार नाई. तू चाल संगं. नवीन साल लागलं की तू म्हन, सिस्टरले मी घेऊन जातो. तू मास्तरीन हायेस, तुले नाई म्हनता येते."

मी एका पायावर तयार झाले. उगाच कशाला लपवू, मला त्यांची जितकी काळजी होती त्याहून जास्त स्वतःची होती. माझं लग्न झालं नाही, भाऊ त्याच्या संसारात, निवृत्तीनंतर सकाळचा चहा आणि संध्याकाळची भाजी निवडणं हे सगळं सिस्टरबाईंबरोबर. त्या पुण्याला राहिल्या तर माझ्याशी भांडायला केनवडात कोण उरतं? म्हणून मी पुण्याला निघाले ती त्यांना परत आणायलाच निघाले. जाण्या-येण्याची दोघींची तिकिटंही मीच काढून ठेवली.

गाडीत बसताना त्यांच्याजवळ एक कपड्यांची पिशवी आणि एक गच्च बांधलेलं पोतं. कंडक्टरने विचारलं, आजी, यात काय? मला वाटलं पीठ असेल, तूर असेल. सिस्टरबाई शांतपणे म्हणाल्या, गवऱ्या. कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी सुटल्यावर मी कानउघाडणी केली, अहो, सुनीलचं घर बाराव्या मजल्यावर, तिथे काय पेटवणार आहात? तर म्हणाल्या, घरच्याच मानसाईले चार रोडगे करतो, नातवाईनं कधी खाल्ले नाई. एवढं बोलून त्या झोपल्या. मलाही ते रास्त वाटलं.

सुनीलचं घर छान होतं. सून रूथ गुणाची, सारखी लॅपटॉपवर, पण हाक मारली की कानातलं काढून ऐकणारी. नात सारा दहा वर्षांची, आणि इथन पाच वर्षांचा. पोतं उघडल्यावर इथनने एक गवरी उचलली, वास घेतला आणि हा केक खराब झालाय असं आईला जाऊन सांगितलं. घरात असं हसू झालं की सुनीलही पोट धरून हसला. सिस्टरबाईंनी तिथेही पहिल्याच दिवशी शेगडीवरचं झाकण उचललं. आत सूप होतं. हुंकार दिला, पण काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, बाई शहाणी झाली.

कसची शहाणी! दुसऱ्या दिवशी सुनील-रूथ कामात, मुलं दिवाणखान्यात चांदणीला दिवे लावत बसलेली, आणि सिस्टरबाई गायब. शोधत गेले तर समोरच्या फ्लॅटमध्ये. तिथे बंगालकडची एक नवी बाळंतीण, एकटी, आई यायला अजून आठवडा. सिस्टरबाईंनी तिच्या घरातलं भांडं बघितलेलं, त्यात नूडल्स निघालेल्या, आणि आता त्या तिच्या ओट्यापाशी उभं राहून खसखशीची खीर करत होत्या. संध्याकाळपर्यंत त्या मजल्यावरचं एकही स्वयंपाकघर त्यांनी सोडलं नाही. खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड साहेब एकटे राहत, त्यांच्याकडेही जाऊन आल्या. लिफ्टमध्ये झाडणारी बाई भेटली, तिचीही चौकशी झाली. आणि जाईल तिथे आपल्या हिंदीत एकच सांगणं, "पच्चीस को दोपहर को खाने को आना. गच्ची पे. सब लोक आना." मी दंडाला धरून ओढलं, अहो, सुनीलने काय सांगितलंय? फक्त घरची माणसं! त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खरंच विसरल्या होत्या. नाताळ म्हटला की जेवायला या हे शब्द त्यांच्या तोंडून आपसूकच बाहेर पडत आले होते, त्यात त्यांनी कधी विचार केलाच नव्हता. म्हणाल्या, आता बोलावलेल्या मानसाले येऊ नको कसं म्हनू?

सुनीलला सांगायची हिंमत दोघींपैकी कोणाचीच झाली नाही. चोवीस तारखेला दुपारी माया आणि तिचा नवरा आले, घर भरलं, टेबलावर रूथने नवं कापड अंथरलं, पुठ्ठ्याच्या छोट्या पाट्यांवर प्रत्येकाचं नाव साराने रंगवून ठेवलं होतं, माझंसुद्धा. आणि सुनील केक आणायला खाली गेला तो तोंड उतरवून वर आला. लिफ्टमध्ये त्या रिटायर्ड साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन आमंत्रणाबद्दल आभार मानले होते.

तो आरडाओरडा करणाऱ्यातला नाही. केकचा खोका टेबलावर ठेवला आणि आईसमोर उभा राहिला. आधी पुण्याच्या भाषेत बोलत होता, की आई, किती जणांना बोलावलंस, गच्चीची परवानगी लागते, मी फक्त एक दिवस मागितला होता. सिस्टरबाई खाली मान घालून ऐकत होत्या. मग त्याचा आवाज फुटला आणि बोर्डिंगमधून सुटीला आलेलं ते पोर बोलायला लागलं.

"दरसाल पंगतीत मी माह्या बाजूची जागा धरून बसत होतो, आई. दुसऱ्या कोनाले बसू देत नव्हतो. लोकं उठून जात, तरी हात ठेवून राहे. तू आलीच नाई. गावाले तू होतीच. आमाले कधी होतीस?"

माया रडायला लागली. रूथ मुलांना आत घेऊन गेली. मी त्या प्रत्येक पंगतीला होते, वांगी चिरून दमून भिंतीला टेकून बसलेली असायचे, आणि ओळीत शेवटी बसलेला, ताटाशेजारी हात ठेवलेला तो मुलगा मला अगदी लख्ख आठवला. मला वाटायचं, त्याला कोणी खेटून बसायला नको असेल, मोकळं बसायचं असेल. सिस्टरबाई तशाच वळल्या. आत गेल्या, कणीक काढली आणि मळायला बसल्या. संध्याकाळी मुलांबरोबर गाणी म्हणायला बसल्या तेव्हा त्यांचा आवाज कोरडा पडला होता. सुनीलनेही पुन्हा विषय काढला नाही. उलट रात्री जेवण झाल्यावर त्याने स्वतःच सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाऊन गच्चीची परवानगी आणली. मुलगा शेवटी सिस्टरबाईंचाच होता.

नाताळाच्या सकाळी सगळे चर्चला जाऊन आलो. मग गच्चीवर वाळू पसरून गवऱ्या पेटवल्या. जो धूर झाला म्हणता! शेजारच्या इमारतीतून फोन यायला लागले, वॉचमन धावत वर आला, सेक्रेटरी हातात आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन आले आणि रोडगे बघून ते खाली ठेवून बसून राहिले. माणसं भीत भीत आली. बंगाली बाळंतीण बाळाला घेऊन, साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, लिफ्टमध्ये भेटलेली बाई आपल्या दोन मुलींसह. चादरी अंथरून ओळ बसली. रोडग्यावर राख का आहे, हे कसं फोडायचं, तूप इतकं का, सगळे विचारत होते आणि हसत होते. वांग्याच्या भाजीने साहेबांच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी त्यांनी पुन्हा मागितली. सुनील सगळ्यांना पाणी देत होता, हसतही होता, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो दमलेला होता.

सिस्टरबाई पळी घेऊन ओळीतून निघाल्या. अर्ध्या ओळीपर्यंत पोचल्या आणि थांबल्या. साहेबांचं ताट रिकामं होतं. दुसरा रोडगा वाढायचा सोडून त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि पळी माझ्या हातात दिली.

"हे तू पाह्य, मास्तरीन. माह्यं लेकरू उपाशी हाये."

मग सुनीलकडे गेल्या, त्याच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला आणि त्याला दंडाला धरून चाल म्हणाल्या. माया, जावई, रूथ, दोन्ही मुलं, सगळ्यांना घेऊन जिना उतरून गेल्या. भरल्या पंगतीतून. ओळीत माणसं जेवत होती, आणि ज्या बाईने उभ्या आयुष्यात शेवटचा माणूस उठेपर्यंत जागा सोडली नाही, ती मागे वळून न बघता निघून गेली. क्षणभर मी पळी हातात घेऊन नुसती उभी राहिले. मग साहेबांनी ताट पुढे केलं, मी वाढत सुटले. बारा मजल्यांच्या वर, कोण कुठली माणसं, आणि मी त्यांना आग्रह करून करून रोडगे खाऊ घालत होते. पण मनातून मला कळून चुकलं होतं की आपली तिकिटं वाया गेली.

सगळं आवरून खाली गेले तर दार उघडंच होतं. सगळ्यांचं जेवण केव्हाच झालेलं, तरी कोणी उठलं नव्हतं. सिस्टरबाई खुर्चीत बसल्या होत्या. अगदी मागे टेकून, हात मांडीवर, आणि सुनील त्यांना खीर वाढत होता. नको नको म्हणत नव्हत्या. वाटी संपली की तो पुन्हा वाढायचा आणि त्या पुन्हा खायच्या. मला बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ये, बस. साराने रंगवलेली माझी पाटी त्यांच्या दुसऱ्या बाजूला होती. मी बसले. त्या दिवशी त्यांना बसून जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या फार सावकाश जेवतात, हे मला माहीतच नव्हतं.

पुढचे दिवस मी तोंडाला कुलूप लावलं. नवीन वर्ष लागलं, तरी सिस्टरले घेऊन जातो हे वाक्य काही माझ्याच्याने निघालं नाही. सुनीलनेही 'राहा' म्हटलं नाही. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. सिस्टरबाईंनी पिशवी मात्र भरली होती. सकाळी सुनील आम्हाला स्टँडवर घेऊन आला आणि पाण्याची बाटली आणतो म्हणून मुद्दाम लांब जाऊन उभा राहिला. आमची गाडी लागलेली होती. सिस्टरबाईंनी पिशवी पायाशी ठेवली.

"मास्तरीन, म्या इतक्या बायाईची बाळंतपनं केली. माह्या पोराईचं लहानपन मातर म्या पाह्यलं नाई. थे तं गेलं. आता या दोघाईचं पाहू शकतो." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "पन तूच सांग. तू चाल म्हनशील तं मी आत्ता गाडीत बसतो. तुले एकटं टाकून मी राहनार नाई."

त्या म्हणतात तेच करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या असत्या, कुरकुर न करता, आणि सकाळचा चहा पुन्हा आमचा झाला असता. तोच शब्द बोलायला तर मी एवढ्या लांब आले होते. पलीकडे सुनील बाटली हातात धरून उभा होता, आमच्याकडे बघायचं टाळत. चाळिशी ओलांडलेला माणूस, केस पिकायला लागलेले.

मी म्हटलं, "नका येऊ."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि पुष्कळ वेळ सोडले नाहीत. मग मीच सोडवून घेतले आणि गाडीत चढले. खिडकीतून बघितलं तर सुनील धावत आला होता आणि सिस्टरबाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. गाडी हलली तेव्हा मी हात केला. मग जे रडू फुटलं ते आवरेना. बायामाणसं वळून वळून बघत होती, मला कोणाची पर्वा नव्हती. तिकिटं बघायला कंडक्टर आला, दोन तिकिटं आणि एक म्हातारी बघून घुटमळला. हळू आवाजात म्हणाला, "आजी, घरचं कोणी गेलं का?"

मी डोळे पुसले. म्हटलं, "नाही रे बाप्पा. घरी पोचलं."